‘दीनबंधू’च्या संपादकाचं चरित्र : अर्ज, फायली आणि ५०० प्रती

३१ मे २०१९ ला मी नाशिकच्या एका दैनिकातून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं डेस्कवर गेली, म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्यांची मराठी सरळ करण्यात. त्यानंतर नारायण मेघाजी लोखंडे यांचं चरित्र लिहायला घेतलं. ते सप्टेंबर २०२३ मध्ये छापून आलं आणि तेव्हापासून मी ते विकतेय. पाठीशी संस्था नाही, पीएच.डी. करायची नाही, वय साठीचं. अशा माणसाने हे काम कसं करायचं, हे सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं. पुढच्याला थोडं सोपं जावं म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

लोखंडे कामगार नेते म्हणून माहीत आहेत. १८४८ साली ठाण्यात जन्म, घराणं मूळ खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. रेल्वे, पोस्ट, मग गिरणीत स्टोअरकीपर. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगने गेले. २००५ मध्ये त्यांचं टपाल तिकीटही निघालं. या बाजूवर आधी लिहिलं गेलंय आणि चांगलं लिहिलं गेलंय. मला हवा होता तो त्यांच्यातला संपादक. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात ‘दीनबंधू’ (सत्यशोधकांचं साप्ताहिक) सुरू केला. तो चालेनासा झाला तेव्हा १८८० मध्ये लोखंड्यांनी तो मुंबईला नेला आणि शेवटपर्यंत सांभाळला. साप्ताहिकाची पानं दर आठवड्याला भरायची म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी संघटना, मध्येच कमिशनपुढे साक्ष, आणि एवढं करून अंक वेळेवर. हा माणूस हे करायचा कसा, एवढंच मला शोधायचं होतं.

पहिली अडचण लगेच समोर आली. संपादकाचं चरित्र लिहायचं, तर त्याचे अंक हवेत. लोखंड्यांच्या काळातली ‘दीनबंधू’ची सलग फाईल माझ्या हाती कुठेच लागली नाही. सुरुवात घराजवळून केली, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. मग दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यातली जुनी ग्रंथालयं. काही ठिकाणी नंतरच्या काळातले सुटे अंक, काही ठिकाणी दुसऱ्यांनी छापलेले उतारे. एका ग्रंथालयात सूचीत नोंद होती, कपाटात अंक नव्हते. तिथल्या बाई म्हणाल्या, “मॅडम, नोंद आहे म्हणजे कधीतरी होते.” यावर काय बोलणार?

वाट दाखवली ती एका निवृत्त इतिहास प्राध्यापकांनी. म्हणाले, “अंक नसतील, पण सरकार ते वाचत होतं ना?” मुंबई इलाख्यातल्या देशी वृत्तपत्रांत दर आठवड्याला काय छापून येतं, याचा इंग्रजी सारांश सरकार तयार करून घेत असे. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ हे त्याचं नाव. सुरुवातीला वृत्तपत्रांची यादी असते: नाव, गाव, किती दिवसांनी निघतं, खप किती. पुढे विषयवार उतारे. सरकारने हे संशयापोटी केलं आणि आज त्याच संशयाच्या जोरावर आपण त्या संपादकांना वाचू शकतो. या अहवालांचा बराचसा भाग आता इंटरनेटवर पाहायला मिळतो. हे आधी कळलं असतं, तर पंचवटी एक्सप्रेसचं बरंच भाडं वाचलं असतं. तुम्ही १९व्या शतकातल्या कुठल्याही मराठी पत्रकर्त्यावर काम करणार असाल, तर अंक शोधण्याआधी हे अहवाल चाळा. त्यातून निदान तारखा मिळतात, आणि तारीख हाताशी असली की ग्रंथालयात नेमकं मागता येतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या पुराभिलेखागारात अर्ज केला. काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. अर्ज पुराभिलेख संचालकांच्या नावे, त्यात विषय, कालखंड (मी १८७७ ते १८९७ लिहिला) आणि कोणत्या खात्याची कागदपत्रं हवीत ते. सोबत आधारची प्रत, फोटो आणि शिफारसपत्र. हे शिफारसपत्रच नेमकं माझ्याकडे नव्हतं. विद्यापीठाचा विद्यार्थी असला तर मार्गदर्शक देतो. निवृत्त पत्रकाराला कोण देणार? जुन्या दैनिकाचं चालेल का, हे विचारण्यातच दोन आठवडे गेले. शेवटी त्याच प्राध्यापकांनी त्यांच्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर पत्र मिळवून दिलं. तुम्हीही आधी जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग गाठा. चहा प्या, विषय समजावून सांगा, पत्र मिळतं. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्यायला मात्र विसरू नका. पुढे फोनवर बोलताना नावापेक्षा तो क्रमांक जास्त कामाला येतो.

परवानगी मिळाल्यावरचं काम संथ असतं. आधी खात्याच्या सूच्या पाहायच्या, खंड क्रमांक शोधायचा, मागणीपत्र भरायचं, बसायचं. कधी खंड येतो, कधी ‘जीर्ण’ असा शेरा येतो. पेन बाजूला, फक्त पेन्सिल. प्रती हव्या असतील तर वेगळा अर्ज आणि शुल्क; दर बदलत असतात, तिथेच विचारा. मला सगळ्या ठिकाणच्या प्रतींना मिळून साडेचार हजार रुपयांच्या आसपास लागले. जेवणाची वेळ लक्षात ठेवा, कारण त्याआधी दिलेलं मागणीपत्र आणि त्यानंतर दिलेलं मागणीपत्र यांत अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. आणि तिथल्या शिपायांशी नीट बोला. कोणता खंड कोणत्या खोलीत आहे हे सूचीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

गिरण्यांचा कारभार तपासायला नेमलेल्या १८८४-८५च्या कमिशनची कागदपत्रं मला अशीच मिळाली. मुंबईचे कलेक्टर मुलक त्याचे अध्यक्ष होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि कमिशनसाठी साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या वाचताना मी मनातल्या मनात सबएडिटरचं पेन फिरवत होते, पण काढायला एक शब्द सापडेना. आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. कामगारांच्या सभेत नुसत्या घोषणा झाल्या असत्या. हे असं छापायला तयार मजकुरासारखं लिहिणं पत्रकर्त्याचं काम आहे. माझ्या पुस्तकाचा पाया त्या दुपारी पडला.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. गाड्या, ग्रंथालयं, अभिलेखागार. मी घरी बसून १८९६-९७च्या मुंबईच्या प्लेगवर टिपणं काढत होते, मांडवीपासून पसरलेली साथ, शहर सोडून पळणारी माणसं, आणि खिडकीबाहेर महामार्गावरून माणसं चालत उत्तर भारताकडे निघाली होती. तो भाग मी पुढे वर्षभर उघडला नाही. त्या काळात एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’ या डिजिटल संग्रहाचा आणि घरबसल्या मिळणाऱ्या जुन्या अहवालांचा उपयोग झाला. मोडी वाचायलाही तेव्हाच शिकले. चरित्रापुरतं मोडीतलं फार थोडं लागलं, पण जे लागलं त्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागलं नाही.

लोखंड्यांच्या मृत्यूची अधिकृत नोंद मिळते का, हेही पाहिलं. एका कार्यालयात रीतसर अर्ज केला, फेब्रुवारी २०२१ मध्ये. जुलैत उत्तर आलं: ‘सदर कालावधीचे अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत.’ पाच महिने आणि एक ओळ. पण ती ओळ मी पुस्तकात टीप म्हणून वापरली. पुढच्या संशोधकाचे तेवढे पाच महिने वाचतील.

लिहिताना सगळ्यांत जास्त थांबले ते १८८३ सालापाशी. सरकारी कारभारावरही कोरडे ओढणारा जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘दीनबंधू’त छापायला सुरुवात झाली आणि थोडा भाग छापून थांबली. फुले यावर रागावले आणि त्यांनी तो राग लपवला नाही. लोखंडे फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक. त्यांनी गुरूचा मजकूर थांबवला. चरित्रकारांची इथे पंचाईत होते. कुणी हा प्रसंग एका वाक्यात उरकतो, कुणी लोखंड्यांना भित्रं ठरवतो. मी आयुष्यभर ‘हे छापायचं की नाही’ या खुर्चीच्या शेजारी बसले आहे. वर्षभरापूर्वीच, १८८२ मध्ये, कोल्हापूर प्रकरणात बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले होते. ‘केसरी’मागे शाळा होती, शिकलेला वर्ग होता. ‘दीनबंधू’मागे कामाठीपुऱ्यातले तेलुगू कंत्राटदार, काही माळी-मराठा घरं आणि वर्गणी थकवणारे वाचक. संपादक आत गेला असता तर पत्र दुसऱ्या आठवड्याला बंद. लोखंड्यांनी नेमका हाच विचार केला, असं मी म्हटलेलं नाही. तसा कागद माझ्याकडे नाही. पण तो काळ, ते खटले, ती परिस्थिती शेजारी मांडली आणि निर्णय वाचकावर सोडला. फुल्यांचा रागही पूर्ण दिला. या प्रकरणाची मी सात-आठ वेळा तरी मांडणी बदलली असेल. नवरा म्हणाला, “अगं, अग्रलेख नाही ना लिहायचा?” तिथून लेखणी जरा खाली आली.

आणखी एक नियम मी घालून घेतला होता. सरकारी अहवालातले इंग्रजी सारांश मराठीत आणून लोखंड्यांच्या तोंडी अवतरणचिन्हांत घालायचे नाहीत. तो मजकूर अनुवादकाच्या हातून गेलेला असतो. ‘असा आशय होता’ एवढंच म्हणता येतं. पुस्तक त्यामुळे थोडं कोरडं झालं. चालेल.

२०२२च्या दिवाळीनंतर प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवायला लागले. काहींचं उत्तर आलं नाही. एकांनी मला तीनशे प्रती स्वतः विकत घ्यायला सांगितल्या. दुसऱ्यांना ‘लोखंडे’ आवडले, पण टिपा काढून टाका म्हणाले. टिपांसाठीच तर साडेतीन वर्षं गेली होती. शेवटी स्वतःच छापायचं ठरवलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा आणि त्याला पैसे लागत नाहीत. लेखकाला स्वतःच्या नावावरही तो घेता येतो. ओळखपत्र, पुस्तकाचं शीर्षकपान असं मागतात. ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणून दोन-तीन हजार मागणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. माझा अर्ज एकदा परत आला (शीर्षकपानाची फाईल अस्पष्ट म्हणून), मग तीन आठवड्यांत क्रमांक मिळाला.

खर्चाचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. २४८ पानं, ५०० प्रती. अक्षरजुळणी आणि मांडणी १८,०००, मुखपृष्ठ ६,०००, छपाई-बांधणी ७६,०००. मुद्रितशोधन माझं मीच केलं, तरी शेवटचं वाचन जुन्या सहकाऱ्याला दिलं आणि त्याने कितीतरी ठिकाणी ‘कमिशन’चं ‘कमीशन’ पकडलं. प्रवास, प्रती, टपाल धरून सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत-बाहेर. किंमत ३५० रुपये ठेवली. वितरकाला चाळीस-पन्नास टक्के सूट द्यावी लागते आणि पैसे विकल्यावर, म्हणजे कधीतरी. निवृत्तीच्या पैशातून एवढी रक्कम काढताना घरात स्पष्ट बोलून घ्या. आम्ही एक आकडा ठरवला होता, त्याच्या पुढे गेले नाही.

पुस्तक निघालं की एक कायदा लागू होतो तो बरेच जण विसरतात. १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. टपालाच्या पावत्या जपून ठेवा. ज्याने आयुष्याची काही वर्षं हरवलेल्या अंकांच्या मागे घालवली, त्याने तरी ही चार पाकिटं पाठवावीत.

तारीख मुद्दाम साधली होती. २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाला सप्टेंबर २०२३ मध्ये दीडशे वर्षं झाली. त्या महिन्यात ठिकठिकाणी कार्यक्रम होते. प्रकाशन समारंभ वेगळा केला नाही. हॉलचं भाडं वाचलं आणि ज्यांना विषयात रस आहे अशी माणसं आयती मिळाली. त्यानंतर वर्षाचे दोन दिवस पकडायचे हे ठरून गेलं: ६ जानेवारी, ‘दर्पण’चा म्हणून पत्रकार दिन, आणि १० जून, १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली तो दिवस. या तारखांच्या दोन महिने आधी महाविद्यालयांना, पत्रकार संघांना, कामगार संघटनांना पत्र पाठवा. आठवडाभर आधी पाठवलेल्या पत्राला ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर मिळतं.

मानधन बहुधा शाल-श्रीफळ. प्रवासखर्च आधीच विचारून घ्यायला मला पहिले काही महिने लाज वाटायची, आता वाटत नाही. टेबलावर पुस्तकं मांडा आणि शेजारी क्यूआर कोडचा कागद ठेवा. “सुटे नाहीत” म्हणून परत जाणारी माणसं त्याने थांबतात. वृत्तपत्रांकडे परीक्षणाच्या प्रती पाठवल्या, तेव्हा मात्र हसू आलं. त्या प्रतींचं डेस्कवर काय होतं, ते मी इतकी वर्षं समोर पाहिलेलं होतं. तरी पाठवल्या. दोन ठिकाणी परीक्षण आलं, एक चांगलं, एक मुखपृष्ठावरचा मजकूर उतरवलेलं.

व्याख्यानांत एक प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात. व्हॉट्सॲपवर फिरतं की भारतात रविवारची सुट्टी लोखंड्यांमुळे सुरू झाली. तसं नाही. सरकारी कचेऱ्यांना ती आधीही होती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या. आणि १० जूनला मुंबईच्या गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली. आठवड्याच्या सुट्टीची तरतूद कायद्यात आली ती १८९१च्या फॅक्टरी ॲक्टने, आणि त्याआधी नेमलेल्या कमिशनच्या कामातही मुंबईच्या कामगारांच्या वतीने लोखंडे होते. परळच्या एका सभेत हे सांगितल्यावर एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे तुम्ही त्यांचं काम कमी करताय.” मला उलट वाटतं. सगळ्या देशाला सुट्टी देणारा माणूस गोष्टीतला असतो. उन्हाळ्यात रेसकोर्सवर दहा हजार गिरणी कामगार जमवणारा आणि त्याच आठवड्याचा अंकही काढणारा माणूस मला जास्त मोठा दिसतो. गृहस्थांनी पुस्तक घेतलं नाही. त्यांच्या शेजारच्याने घेतलं.

टपालाचंही सांगायला हवं. सुरुवातीला मी नोंदणीकृत बुकपोस्टने पुस्तकं पाठवत होते, स्वस्त पडायचं. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने ती सेवाच बंद केली. त्यानंतर एका पुस्तकामागे टपालाचा खर्च इतका वाढला की गावोगावच्या वाचकांना मी “चार-पाच जण मिळून मागवा” असं सांगायला लागले, आणि ते खरोखर मागवतात. शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाकडे सार्वजनिक ग्रंथालयांसाठीच्या ग्रंथनिवडीत पुस्तक पाठवलंय. त्यासाठीची जाहिरात आणि मुदत त्यांच्या संकेतस्थळावर येते, ती स्वतः पाहत राहावी लागते. कुणी कळवत नाही.

५०० पैकी आता घरात ७०-८० प्रती उरल्यात. घातलेले पैसे जवळपास निघाले, वर काही राहिलं नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी वाचकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या आणि कागद एका फायलीत साठवतेय. त्यातून पुढचं कामही सुचलंय: लोखंड्यांनंतर ‘दीनबंधू’ वासुदेवराव बिर्जे यांनी चालवला आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी. बाई संपादक, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तेही सत्यशोधक पत्राच्या. नोव्हेंबरात त्यासाठी नवा अर्ज दिलाय, आवक क्रमांक घेतलाय.

तुमच्या घरात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत ‘दीनबंधू’चा एखादा अंक असेल, फाटका असला तरी, तर कळवा. अंक मागणार नाही. तुमच्याकडेच बसून वाचेन, पेन्सिल माझी मी आणेन.